इतिवृत्तात आग्रह नसतो

आमच्या घराण्यात आजवर कोणीही, कोणतीही गोष्ट पहिल्या विचारण्यात घेतलेली नाही! हे मी छाती पुढे काढून सांगतो. आम्ही वाईचे वैशंपायन. चहा घेणार का म्हटलं की आधी 'नको'. मग 'नको हो, खरंच नको'. मग 'बरं, एवढं म्हणताय तर अर्धा'. आणि मग भरलेला कप, वर बिस्किटं! पंगतीत जिलबी आली की पानावर हात आडवा धरायचा, पण बोटं जरा फाकवून. जिलबीला वाट राहिली पाहिजे आणि आपली लाजही राहिली पाहिजे. माझ्या वडिलांनी तर 'मुलगी पसंत आहे ना?' या प्रश्नालासुद्धा 'छे छे, कशाला!' असं उत्तर दिलं होतं. मध्यस्थ समंजस होते. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.

हा संस्कार घेऊन मी, श्यामकांत वैशंपायन, दिल्लीला आलो आणि इथल्या एका विद्यापीठात मराठी शिकवायला लागलो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. जे झालं त्यानंतर कुणाचंच नाव घ्यायची इच्छा उरलेली नाही.

आमच्याकडे मराठीला स्वतःचा विभाग नव्हता. भाषा केंद्र नावाच्या एका बैठ्या इमारतीत दहा-बारा भाषा भाडेकरूसारख्या राहत. मराठी म्हणजे मी, एक कपाट आणि कुरकुरणारा पंखा. आणि द्वारका! एम.ए.च्या पहिल्या वर्षाची एकुलती एक विद्यार्थिनी.

द्वारकाचे वडील धोंडीराम फौजेत सुभेदार. पोरगी जन्मली जालंधरला, शाळेत गेली जबलपूरला, आणि आता दिल्ली कँटोन्मेंटमधून रोज बसने यायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "सर, बाबा रिटायर होऊन गावाला जाणार, कराडच्या पुढे. मला तिथं शाळेत शिकवायचं आहे. पण सर, मला तर 'ओसरी' म्हणजे काय ते पण नाही ठाऊक! गावाला जाऊन मी बोलू काय?"

अशी विद्यार्थिनी भाग्याने मिळते. मी तिला ओसरी शिकवली, पडवी शिकवली, माजघर शिकवलं. वाक्याच्या मध्येच 'बिल्कुल' आणि 'मतलब' यायचं, ते हळूहळू गळायला लागलं. एका रविवारी तिला मयूर विहारला आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. माझी बायको अलकनंदा हिने विचारलं, "चिवडा देऊ का गं?"

"हां काकू, दीजिए ना!" द्वारका म्हणाली आणि दोन वाट्या संपवल्या.

भाषा येऊन काय उपयोग, रीत यायला नको? मी तिला समोर बसवलं. "द्वारका, मराठी माणूस आधी नको म्हणतो."

"पर सर, भूक लागली असली तर?"

"तरीही नको. समोरचा पुन्हा विचारतो. त्याला आग्रह म्हणतात."

"और न पूछे तो?"

मी खदाखदा हसलो. "असं होतच नाही, बाळ!"

पोरगी हुशार. पुढच्या आठवड्यात हिने लाडू पुढे केला तर द्वारकाने मान वाकडी करून असं काही 'नको हो काकू, कशाला!' म्हटलं, की वाईच्या कुठल्याही ओसरीवर खपली असती. माझे डोळे पाणावले. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही हो!

आणि अशात विद्यापीठाने नवी विद्याशाखा काढायचं ठरवलं. भारतीय भाषांची स्वतंत्र फॅकल्टी! भाषा केंद्र मोडायचं, ज्या भाषा घ्यायच्या त्यांना फॅकल्टीत पूर्ण विभाग द्यायचा, आणि ज्या राहतील त्यांचे वर्ग बंद. एवढं सोपं गणित. विभाग मिळाला तर मराठी जगली. नाही मिळाला तर द्वारकाचं दुसरं वर्ष गेलं, आणि मी, कपाट आणि पंखा स्टोअरमध्ये.

मी जय्यत तयारी केली. विद्यापरिषदेच्या बैठकीसाठी हिंदीतून भाषण लिहिलं. आरशासमोर म्हटलं. हिला म्हटलं, "बघच तू, मराठीला विभाग मिळवून नाही आलो तर नाव लावणार नाही!"

अलकनंदा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. ती डबा भरता भरता एवढंच म्हणाली, "भाषण राहू द्या हो. जे पाहिजे ते पाहिजे म्हणा, आणि या."

बैठक सुरू झाली. कुलगुरू भल्लासाहेब, म्हणजे मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा पंजाबी माणूस. शेजारी कुलसचिव दहिया. दहिया रोहतकचे. बोलणं थोडं आणि लिहिणं लगेच! समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांच्या पेनाचं टोपण बंद झालेलं असायचं.

भल्लासाहेबांनी एकेका भाषेला विचारायला सुरुवात केली. "बंगाली?" बंगालीच्या बाई म्हणाल्या, "हाँ जी, और दो प्रोफ़ेसर भी." दहिया म्हणाले, "लिख लिया." "तमिळ?" तमिळचे सर म्हणाले, "हाँ, और लाइब्रेरी भी." "लिख लिया." मला त्यांचीच लाज वाटायला लागली. काय ही अधाशी माणसं! पंगतीत ताट पुढे करून उभं राहावं तसं!

"वैशम्पायन जी," भल्लासाहेब प्रेमाने वळले, "मराठी को भी नई फैकल्टी में पूरा डिपार्टमेंट दे दें?"

हाच तो क्षण! भाषण खिशात होतं. आणि माझ्या तोंडून, माझ्या वडिलांच्या, आजोबांच्या आणि समस्त वाईच्या तोंडून शब्द आले, "नहीं नहीं सर! इसकी क्या ज़रूरत है? हम जैसे हैं, ठीक हैं!"

आणि मी किंचित हसून, मान जरा झुकवून, दुसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागलो.

"ठीक है जी," दहिया म्हणाले. "लिख लिया. अगला आइटम."

मी हसतच राहिलो. अगला आइटम वसतिगृहाच्या गच्चीवरच्या गळक्या टाकीचा होता. टाकीवर चर्चा झाली, टाकीवर समिती नेमली गेली, टाकीच्या बाबतीत दोनदा-तीनदा विचारणा झाली! मराठीला कोणी पुन्हा विचारलं नाही.

घरी आलो तर हिने दार उघडता उघडता विचारलं, "मिळाला?"

"अजून आग्रह व्हायचाय," मी म्हटलं.

हिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, जन्मभर फायली बघतेय मी! फाइल कधी आग्रह करते का? उद्या सकाळी उठा, कुलगुरूंकडे जा आणि सांगा की मराठीला विभाग हवाय!"

गेलो. खरंच सांगायचं ठरवून गेलो. भल्लासाहेबांनी उठून स्वागत केलं. "आइए वैशम्पायन जी! चाय?"

"नहीं नहीं सर."

चहा आला नाही. इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

"कोई शिकायत लेकर आए हैं?"

आता कुणी असं तोंडावर विचारल्यावर 'हो, तक्रार आहे' असं सभ्य माणूस म्हणू शकतो का? तुम्हीच सांगा! मी म्हणालो, "शिकायत? अरे नहीं सर! बस यूँ ही मिलने आया था."

भल्लासाहेब टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले. "मेरे इस कमरे में आज तक कोई यूँ ही नहीं आया, जी. सबको कुछ न कुछ चाहिए. आप पहले आदमी हो, जिसको कुछ नहीं चाहिए!" आणि त्यांनी मला मिठी मारली. मिठीत असताना विभाग कसा मागणार? माझं तोंड त्यांच्या कोटात होतं.

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. मराठीच्या श्री. वैशंपायन यांनी विद्यापीठाच्या हितासाठी स्वेच्छेने विभागाचा त्याग केला असून इतर लहान भाषांनीही त्यांचा आदर्श ठेवावा, असं! त्या परिपत्रकानंतर मला भाषा केंद्रात फिरणं मुश्कील झालं. सिंधीचे सर, जे रोज मला डब्यातला पराठा द्यायचे, ते समोरून येऊन म्हणाले, "यार, तुझे मरना था तो अकेले मरता! हमको क्यों नमूना दिखाया?" पराठा त्या दिवसापासून बंद. शिक्षक संघटनेने मला कुलगुरूंचा माणूस ठरवलं. कुलगुरूंच्या माणसांनी मला संत ठरवलं. मला नेमकं काय हवंय हे फक्त हिला आणि मला माहीत होतं, आणि त्यातलं एक माणूस तोंड उघडलं की भलतंच बोलत होतं.

"एकच रस्ता राहिलाय," ही म्हणाली. "पुढच्या बैठकीत आधीचं इतिवृत्त मंजूर करतात ना? तेव्हा दुरुस्ती सांगता येते. तुम्ही फक्त 'हाँ जी, चाहिए' म्हणायला शिका. मी शिकवते!"

आणि आमच्या घरात माझी शिकवणी सुरू झाली.

"आणखी पोळी?"

"नको, पुरे—"

झाकण बंद! पोळ्यांचा डबा ओट्यावर.

"अगं, पण मी आपलं म्हणायचं म्हणून..."

"लिहून घेतलं," ही म्हणायची आणि स्वतःचं ताट घेऊन बसायची.

अर्धपोटी मी खाली बाजारात छोले-कुलचे खायला गेलो. गाडीवाल्याने विचारलं, "प्याज़?" मी म्हटलं, "नहीं नहीं!" कांदाही गेला. त्या कोरड्या कुलच्याकडे बघून मला माझ्या जन्माची दया आली. वडिलोपार्जित गुण असा उपाशी मारायला लागला तर माणसाने जायचं कुठे?

पण भूक फार कडक मास्तरीण! हळूहळू जमायला लागलं. पोळी? हाँ जी, चाहिए! भात? हाँ जी, चाहिए! मग इतकं जमलं, की थांबेना. मेट्रोत मागच्या माणसाने "आप उतर रहे हैं?" विचारलं तर मी "हाँ जी, बिल्कुल!" म्हणून भलत्याच स्टेशनवर उतरलो. करोल बागेत हिच्यासाठी ब्लाउजपीस आणायला गेलो, तर वाटेत एका दुकानदाराने हाक मारली, "सीट कवर दिखाऊँ, सर?" मी गाडीची सीट कव्हरं घेऊन घरी आलो. आमच्याकडे गाडी नाही! पण ही खूश झाली. म्हणाली, "आता तुम्ही तयार आहात."

बैठकीचा दिवस उजाडला. द्वारकाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पोरीच्या जिवाला कशाला घोर? ती सकाळी वर्गात येऊन 'उंबरठा' या शब्दावर स्वतः लिहिलेलं पानभर वाचून गेली. एकही 'मतलब' नाही! मी तसाच उठून बैठकीला गेलो. आज मागून घ्यायचंच!

दहिया म्हणाले, "पहला आइटम, पिछली बैठक के कार्यवृत्त की पुष्टि." मी खुर्चीच्या काठावर सरकलो.

"एक मिनट, दहिया जी," भल्लासाहेबांनी हात वर केला. "पहले एक ज़रूरी बात. नई फैकल्टी का डीन कौन हो, इस पर दो महीने से झगड़ा चल रहा है. बंगाली कहती है हमारा, तमिळ कहती है हमारा." बंगालीच्या बाई आणि तमिळच्या सरांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की मधला पाण्याचा जग मी उचलून बाजूला ठेवला. "मैंने बहुत सोचा. डीन ऐसा चाहिए जो किसी का पक्ष न ले. और पक्ष वही नहीं लेगा, जिसकी अपनी भाषा फैकल्टी में है ही नहीं! वैशम्पायन जी, आप..."

वाक्य पूर्ण व्हायचं होतं. पण पोळीचा डबा माझ्या डोळ्यांसमोर बंद व्हायला लागला होता.

"हाँ जी, चाहिए!" मी ओरडलो.

टाळ्यांचा कडकडाट! कुणीतरी हार आणला. हार आधीच आणून ठेवला होता, म्हणजे बघा! बंगालीच्या बाईंनी हात मिळवला, तमिळच्या सरांनी पाठ थोपटली, सिंधीच्या सरांनी लांबूनच हात जोडले. मी हारातून तोंड बाहेर काढून "पण इतिवृत्त... मराठी..." असं काहीतरी म्हणेपर्यंत दहियांच्या पेनाचं टोपण लागलं होतं.

"कार्यवृत्त पुष्ट हुआ," दहिया म्हणाले. "लिख लिया."

असा मी भारतीय भाषा विद्याशाखेचा पहिला अधिष्ठाता झालो. एसी केबिन, फिरती खुर्ची, दारावर पितळी पाटी. हिने पाटी बघितली आणि डबा माझ्या हातात ठेवून तडक तिच्या ऑफिसला निघून गेली.

आणि माझ्या टेबलावर पहिलाच कागद कोणता आला असेल? मराठीचे वर्ग बंद करण्याच्या आदेशाचा! सहीसाठी, डीनच्या.

मी तो घेऊन तसाच दहियांकडे धावलो. भल्लासाहेब परदेशात परिषदेला गेले होते. "दहियाजी, मी आता डीन आहे. माझा प्रस्ताव आहे, मराठीला विभाग द्या! हाँ जी, चाहिए!"

"विभाग का प्रस्ताव डीन नहीं देता जी," दहिया शांतपणे म्हणाले. "भाषा के अपने टीचर से आता है."

"मराठीचा टीचर मीच आहे!"

"थे. अब आप डीन हो. टीचर की जगह ख़ाली है."

"मग ती भरा!"

"बंद भाषा में कैसे भरें?"

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं. इतकी वर्षं या शहरात मी एक भाषा तळहातावर दिवा धरावा तशी जपली, आणि ती विझवली कुणी? ना भल्लांनी, ना दहियांनी. मी! तोंडातल्या तोंडात मी द्वारकाचं नाव घेतलं असावं, कारण दहियांनी मान वर केली.

"मराठी में कोई बच्चा है अभी?"

"एक मुलगी आहे. पहिल्या वर्षाला."

दहिया उठले, कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि एका पानावर बोट ठेवलं. माणूस वाईट नव्हता हो, फक्त एकदाच विचारायचा. "देखो जी. चालू बच्चा अपने मुँह से कह दे कि मुझे आगे पढ़ना है, तो कोर्स बंद नहीं हो सकता. चलाना ही पड़ेगा, टीचर भी देना पड़ेगा. उसको भेज दो. पर सिखा के मत लाना, मैं ख़ुद पूछूँगा."

सिखा के! द्वारकाला काय शिकवायचं? फौजेत वाढलेली रोखठोक पोरगी! चिवडा म्हटला की 'दीजिए ना'! मी उड्या मारतच बाहेर आलो. आता नुसतं एक 'हो'! तिला एवढंच सांगितलं, "द्वारका, कुलसचिवसाहेबांना तुला भेटायचंय. चल."

द्वारका केस सारखे करून, ओढणी नीट घेऊन माझ्यामागून आली. दहियांनी तिला बसायला सांगितलं. आवाज शक्य तेवढा मऊ केला.

"बेटा, मराठी का अगला साल तेरे अकेली के लिए चलाना पड़ेगा. चलाएँ?"

द्वारकाने माझ्याकडे पाहिलं. मी आनंदाने तोंडभर हसत होतो. ती समजली. समजायला नको होतं ते बरोबर समजली! सर एवढ्या मोठ्या साहेबांसमोर आपली परीक्षा बघतायत. तिने मान किंचित वाकडी केली, ओठांवर हात नेला आणि वाईच्या ओसरीवरचं ते हसू हसून म्हणाली,

"नहीं नहीं सर! मेरे अकेली के लिए इतनी तकलीफ़ क्यों? कशाला!"

आणि मान झुकवून ती वाट पाहू लागली.

"ठीक है जी," दहिया म्हणाले. "लिख लिया."

"अहो, पुन्हा विचारा!" मी किंचाळलो. "दहियाजी, एकदा आग्रह करा! फक्त एकदा!"

"किस बात का आग्रह, डीन साहब?" दहियांना खरंच कळेना. "बच्ची ने इतना साफ़ तो बोला है." त्यांनी घंटी वाजवली. दारात गळक्या टाकीची समिती उभीच होती.

आम्ही बाहेर आलो. द्वारकाचा चेहरा नुसता उजळला होता. आता गावाला जाऊन कुणासमोरही बोलू शकेल अशी, पक्की मराठी झालेली पोरगी ती. व्हरांड्यात तिने मला विचारलं,

"सर, बरोबर म्हटलं ना मी?"

काय सांगणार? "पैकीच्या पैकी," मी म्हणालो.

ती खूश होऊन भिंतीला टेकून उभी राहिली. दहियांच्या बंद दाराकडे बघून म्हणाली,

"मग सर, आता ते परत कधी विचारणार?"